न धुतलेल्या काचा

"बैठकीची काच धुवायची नाही, आणि का धुवायची नाही ते विचारायचं नाही."

पथ्रोटकरांच्या घरात हा नियम मुलींना दुधाचे दात पडायच्या वयात सांगत. प्रणालीला सांगितला तेव्हा तिनं लगेच विचारलं, "का?" उत्तर मिळालं नाही, पाठीत धपाटा मिळाला. तो मोठेबाबांनी घातला होता, म्हणजे तिच्या वडिलांच्या थोरल्या भावानं. त्या दिवशी मोठेबाबांबद्दल तिचं जे मत झालं, ते बदलायची वेळ त्यांनी पुढे कधी येऊ दिली नाही.

ही बैठक काय प्रकार आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

प्रणालीचे पणजोबा चंद्रभानजी पथ्रोटकर हे वऱ्हाडातले अगदी सुरुवातीचे फोटोग्राफर. अंजनगाव सुर्जीकडच्या शेतकऱ्याचा हा पोरगा मेळघाटात, सेमाडोहजवळ, एका जंगलसाहेबाच्या तंबूवर पाणी भरायला लागला. साहेबाच्या कॅमेऱ्याच्या पेट्या वाहता वाहता काचेवर माणूस कसा उतरवतात ते शिकला. साहेब विलायतेला गेला आणि कॅमेरा मागे राहिला. साहेबानं तो खूश होऊन बक्षीस दिला, असं घरचे सांगतात. प्रणालीच्या मते तो चोरलेला होता, कारण बक्षीस देणारा माणूस तीन पायांची घोडी, काळं फडकं आणि काचांचे डबे असं सगळंच्या सगळं बक्षीस देत नाही.

मग चंद्रभानजी अकोल्याला आले. कापसाच्या भरभराटीचा काळ होता. जिनवाले शेठ, देशमुख, वकील, सगळ्यांना भिंतीवर आपलं तोंड हवं होतं. बाजाराजवळ दुमजली दुकान उभं राहिलं, खालीच राहतं घर. वरच्या मजल्यावर उत्तरेच्या बाजूला काचेचं छप्पर होतं, कारण वीज नव्हती आणि उजेड आभाळातूनच उतरवून घ्यावा लागे. भिंगावरची पितळी टोपी काढायची, मोजायचं, परत लावायची. तोवर समोरच्यानं पापणी हलवायची नाही. मान हलू नये म्हणून खुर्चीच्या मागे एक लोखंडी दांडा असे, त्याला वर दोन बोटांचा चिमटा. घरात त्याला शिकंजा म्हणत.

घरातली मुलगी लग्न होऊन जाण्याआधी आणि नवी सून घरात आल्या आठवड्यात या खुर्चीवर बसवायची. मान शिकंज्यात द्यायची. घरातला वडील पुरुष टोपी काढून मनातल्या मनात मोजायचा. झालं की ती काच काळ्या कागदात गुंडाळून पेटीत जायची. धुवायची नाही. धुणं म्हणजे फोटोवाल्यांच्या बोलण्यात काच औषधात घालून चित्र वर आणणं. न धुतलेल्या काचेत माणूस असतो, पण तो कुणाला दिसत नाही.

फोटो काढायचा आणि बघायचा नाही. असला धंदा पथ्रोटकरांशिवाय जगात कुणी केला नसेल.

"घर शांत राहते त्यानं," असं आबाजी म्हणायचे. आबाजी म्हणजे प्रणालीचे आजोबा, किसनराव, चंद्रभानजींचं उतारवयातलं पोर. आता तेच नव्वदीकडे झुकलेले. घर शांत होतं हे मात्र खरं. पथ्रोटकरांच्या बायका कधी वरच्या पट्टीत बोलत नसत. पै-पाहुणे या गोष्टीचं कौतुक करत, आणि प्रणालीला त्या बायकांचा राग येई. तिची आई ललिता तर अशी की भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलाही तिला दोनदा आवंढा गिळावा लागे. नवरा गेला, दिराच्या घरात राहिली, जे ताटात पडलं ते खाल्लं. हिला स्वतःचं मतच नाही, असं प्रणालीनं कॉलेजात असतानाच ठरवून टाकलं होतं.

यंदाच्या मे महिन्यात प्रणाली अमरावतीहून अकोल्याला आली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, वय चोवीस, तोंड फाटकं. हे शेवटचं विशेषण मोठेबाबांचं. येण्याची कारणं दोन होती. चौकात चंद्रभानजींचा अर्धपुतळा बसायचा होता आणि त्यासोबत जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं, त्यासाठी काचा निवडायच्या होत्या. आणि दुसरं, तिची बैठक.

लग्न तिनं स्वतः ठरवलं होतं, नितेशशी. मोठेबाबांनी जात पाहिली, पगार पाहिला, नाक मुरडलं आणि एकच अट घातली.

"बैठक झाली का पत्रिका छापाले देतो. नाही बसली, तर तुह्या मायले घेऊन जाय अमरावतीले. मंग या घराचा अन् तिचा संबंध नाही."

नितेशला फोनवर सांगितलं तर तो हसला. "बस ना मग. पाच मिनिटांचं काम. तुझं काय जातंय त्यात?"

तिनं फोन ठेवला. नवराही पुतळ्याच्याच मातीचा निघतो की काय, अशी शंका तिच्या मनात येऊन गेली. पण तिनं हो म्हटलं. आईला घेऊन भाड्याच्या एका खोलीत कुठे राहायचं, हा प्रश्न होताच. शिवाय ज्या काचांची मुदत तिच्या आईच्या जन्माआधी संपली, त्या पेटीतल्या जुनाट काचेवर काही उतरणारच नाही, हे तिला शास्त्रानं ठाऊक होतं. नुसता धुरकट काळोख. म्हाताऱ्यांचा खेळ. खेळू द्यावा.

प्रदर्शनाच्या माहितीपत्रकात छापलं होतं, 'वऱ्हाडातील स्त्रीला प्रथम कॅमेऱ्यासमोर सन्मानाने बसवणारा द्रष्टा.' मजकूर मोठेबाबांचा. प्रणालीनं तो मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "मोठेबाबा, मानेत लोखंड अडकवून बसवलं, थे सन्मानात धरलं का वेगळं?"

"तुले काय कळते," मोठेबाबा म्हणाले. गजेंद्र पथ्रोटकरांचा हा सगळ्या प्रश्नांवरचा एकच जबाब होता. त्यांनी खिशातून अंधाऱ्या खोलीची किल्ली काढून दिली. "देशमुखायच्या काचा अलग काढ. शेठच्या अलग. अन् वरच्या फळीवरच्या पेटीले हात लावू नोको. चार वाजता आबाजीले वर आणतो. उजेड तवाच चांगला राहते."

बैठकीसाठी ताई आली होती, अंजनगावहून. प्राजक्ता, प्रणालीची सख्खी थोरली बहीण. लग्नाआधीची ताई ज्यांनी पाहिली त्यांना आत्ताची ओळखू येत नसे. ती ताई वादविवादात ढाली जिंकायची, बसस्टँडवर एकाच्या कानाखाली वाजवून कंडक्टरला सुटे पैसे मागायची, आणि हसली की समोरच्या रसवंतीवाल्याचा हात थांबायचा. आताची ताई 'हाव' म्हणते आणि 'बरं' म्हणते. लोक म्हणतात, संसाराला लागली. प्रणालीनं सगळं खापर ताईच्या सासरवर फोडलं होतं आणि त्या लोकांशी ती धड बोलतही नसे.

त्या दुपारी मात्र जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना तिला एक गोष्ट आठवली, आणि ती पायरीवरच थांबली.

तीन वर्षांपूर्वी याच जिन्यावर ताई तिला एक किस्सा सांगत होती. दुकान आता मोठेबाबा चालवत, आणि एका लग्नाच्या शूटिंगला त्यांचा ड्रोन बाभळीत अडकला होता. "मोठेबाबा चढले स्टुलावर, पोट सावरत, एका हातात काठी. अन् तेवढ्यात नवरदेवाचा बाप आला..." इथे वरून हाक आली. ताई हसत हसत म्हणाली, "थांब, बसून येते, मंग सांगते. पुढंच तर खरी मजा हाये." ती वर गेली. खाली आली तेव्हा प्रणालीनं विचारलं, "मंग नवरदेवाच्या बापानं काय केलं?"

ताई तिच्याकडे बघत राहिली आणि हळू म्हणाली, "कोण नवरदेव?"

तेव्हा लग्नाला पंधरवडा बाकी होता. सासरच्यांनी ताईला अजून नेलंही नव्हतं.

अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर प्रणालीनं देशमुखांच्या काचांना हात लावला नाही. तिनं सरळ वरच्या फळीवरची पेटी खाली घेतली.

ती घाबरली होती असं समजू नका. ती चिडली होती. ताईची काच धुवायची, तिच्यावर नुसता काळा धूर आहे हे चार वाजता दोघा म्हाताऱ्यांच्या नाकासमोर धरायचं, आणि विचारायचं की याच्यासाठी तुम्ही शंभर वर्षं बायकांच्या माना आवळल्या का. औषधाची पूड तिनं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणली होती, प्रदर्शनाच्या कामासाठी म्हणून. अकोल्याच्या मे महिन्यात नळाचं पाणीच चहासारखं येतं. त्यात काच घातली तर तिच्यावरचा थर साय उतरावी तसा उतरेल. म्हणून तिनं समोरच्या रसवंतीतून बर्फाचा तुकडा आणला, ट्रेखालच्या परातीत ठेवला, आणि थर घट्ट राहावा म्हणून एका भांड्यात तुरटी विरघळवली. हे चंद्रभानजीही असंच करत. तेवढी अक्कल त्यांना होती, हे तिनं मनातल्या मनात मान्य केलं.

दार लावलं. बॅटरीवरचा लाल दिवा लावला. खोलीला जुन्या औषधांचा आंबूस वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, खोबरेल तेलाचा, बायकांच्या केसांना येतो तसा. शंभर वर्षांत या खोलीत बाई म्हणून कुणी पाऊल टाकलं नव्हतं, असं घरात सांगत. तिनं तो वास डोक्यातून झटकला आणि पेटी उघडली.

काळ्या कागदाच्या पुड्या एकीवर एक रचलेल्या होत्या. नावं कुठेच नव्हती. पण लाल उजेडात बारकाईनं पाहिलं तेव्हा दिसलं की प्रत्येक पुडीवर काहीतरी आहे. एकीला केसांची पिन टोचलेली. एकीला बांगडीचा तुकडा दोऱ्यानं बांधलेला. एकीवर टिकली. एकीवर हळदीच्या बोटाचा ठसा, तपकिरी झालेला. सगळ्यात खालच्या पुडीला लुगड्याच्या काठाची चिंधी होती. पुरुषांनी खुणा करायचं काही कारण नव्हतं. म्हणजे या बायकांनीच, कधीतरी, कुणाची नजर चुकवून, आपापली काच ओळखू यावी अशी सोय करून ठेवली होती. घराचे नियम पाळणाऱ्या या शांत बायका चोरून इथे येत होत्या.

वरच्याच पुडीला मोबाइलच्या सिमचा तुकडा चिकटवला होता. ती ताईची.

प्रणालीनं काच औषधात सोडली आणि ट्रे हळूहळू हलवू लागली. थोड्या वेळानं वीज गेली. खाली कूलरची घरघर थांबली आणि सगळी इमारत एकदम बहिरी झाल्यासारखी वाटली. बर्फ वितळून परातीत टपटप पडत होता. खाली आई आणि ताई लग्नासाठी कणकेचे सरगुंडे काडीवर वळत बसल्या होत्या. त्यांची परात सरकल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. बोलण्याचा मात्र येत नव्हता, कारण त्या बोलत नव्हत्या.

काच काळी पडणार, अशी ती वाट बघत होती. काच काळी पडली नाही.

आधी खुर्चीची पाठ आली. मग दोन हात, मांडीवर ठेवलेले. मग चेहरा. इतका स्वच्छ की कालच्या काचेवरही येऊ नये. काचेवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. त्यामुळे ताईचे केस पिकलेले दिसत होते आणि चेहरा काळाठिक्कर. ओठ मिटलेले होते. प्रणालीनं ट्रे एकदा हलवला. पाणी काचेवरून गेलं आणि परत आलं. ओठ उघडे होते.

तिनं हात थांबवला. पाणी स्थिर झालं. आता काळे दात दिसत होते.

आणि ताईच्या पाठीमागे, जिथे स्टुडिओची रिकामी भिंत असायला हवी होती, तिथे बायका वर येत होत्या. एकीमागे एक. प्रत्येकीच्या मानेमागे शिकंजा, प्रत्येकीचा हात पुढचीच्या खांद्यावर. सगळ्यांचे केस पांढरे, म्हणजे खरं तर काळे, सगळ्या तरण्या. ताईच्या खांद्यावर ज्या बाईचा हात होता, तिच्या हनुवटीवर गोंदलेला ठिपका पांढरा होऊन चमकत होता. तो ठिपका प्रणाली रोज बघत आली होती. ती तिची आई होती.

खाली परात जोरानं आपटली.

"...अन् नवरदेवाच्या बापानं स्टूलच ओढून घेतला वं, प्रणाली! म्हणे पाहुण्यायले बसाले कमी पडून राह्यले, अन् तुमी याच्यावर उभे राहता का!"

आणि हसणं. ते हसणं जिन्यावरून वर आलं, बंद दारावर आदळलं, थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं. समोरच्या रसवंतीचे घुंगरू मध्येच बंद पडले. तीन वर्षं अडकलेलं ते हसणं होतं, आणि प्रणालीला त्याचा आनंद व्हायला हवा होता. तिनं मात्र ट्रे घट्ट धरून काचेवरचे ते काळे दात पुन्हा पाहिले.

मग जिन्यावर पावलं वाजली. दारावर एक टकटक.

"कोण?"

पुन्हा टकटक. तिनं ताईची काच दुसऱ्या औषधात टाकून पक्की केली आणि दार फटीएवढं उघडलं. आई होती. आई आत आली, दार लावून घेतलं, पेटीशी बसली आणि न चाचपडता टिकली लावलेली पुडी काढून प्रणालीच्या हातात दिली. तिची बोटं पिठानं भरलेली होती. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"आई... तुले माहीत होतं?"

आईनं फक्त ट्रेकडे बोट दाखवलं.

काच औषधात गेली. दोघी वाकून बघत होत्या. खुर्ची आली, हात आले, हनुवटीवरचा ठिपका आला. आणि प्रणालीच्या कानाशी, आईच्याच तोंडातून, एक आवाज आला जो तिनं आयुष्यात कधी ऐकला नव्हता. एकविशीच्या पोरीचा आवाज. घाबरलेला, आणि तरी ठाम.

"मी नाही बसत याच्यात. मले घरी जायचं हाये."

आईनं पिठाच्या हातानं तोंड दाबून धरलं. तिच्या पन्नाशीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि बोटांच्या फटीतून तो तरुण आवाज पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. दर्यापूरचं ते माहेरचं घर कधीच विकलं गेलं होतं. त्या घरात वाट बघणारं आता कुणी उरलं नव्हतं.

आईला स्वतःचं मत नाही, असं प्रणाली समजत होती. मत होतं. ते पेटीत होतं, टिकली लावून ठेवलेलं. स्वतःच्या या चुकीची तिला इतकी किळस आली की काही क्षण तिला म्हाताऱ्यांचीही तेवढी आली नाही.

तिनं पेटीतली तळाची पुडी काढली. चिंधीची. आतली काच जाड होती, कडा हातानं घासलेल्या. ती औषधात सोडली. दोघी थांबल्या. काहीच वर आलं नाही. काच दुधासारखी पांढरी राहिली. तेवढ्यात बाहेरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि मोठेबाबांची हाक.

"प्रणाली. चार वाजले वं. ये बाहेर."

तिनं ती काच ट्रेमध्ये तशीच ठेवली, लाल दिवा तसाच ठेवला, आईला घेऊन बाहेर आली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरली.

स्टुडिओत छपरातून पांढरा, सावली नसलेला उजेड पडला होता. मधोमध खुर्ची, मागे शिकंजा. समोर घोडीवर तो कॅमेरा, काळ्या फडक्याखाली कुणी वाकून उभं असल्यासारखा. आबाजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर आणलं होतं. त्यांचा हात पितळी टोपीवर होता. मोठेबाबांनी पुतळ्याच्या कार्यक्रमासाठी शिवलेलं नवीन जाकीट आजच घालून पाहिलं होतं, आणि या उकाड्यात ते घामानं बगलेत काळं झालं होतं. असल्या माणसांच्या हातात शंभर वर्षं घराच्या किल्ल्या होत्या, हे बघून तिला हसू आलं असतं, एरवी.

"खाली थे प्राजक्ता काहून हसून राहिली एवढी?" मोठेबाबांनी विचारलं. "शेजारचे वर पाहून राह्यले. बस तू. उजेड चालला."

"नाही बसत."

"मंग ने तुह्या मायले. आत्ताच ने."

"मले घरी जायचं हाये," आई म्हणाली.

मोठेबाबांनी आधी प्रणालीकडे पाहिलं, मग दाराकडे. हा आवाज कुणा पोरीचा, ते शोधत. आबाजींनी मात्र शोधलं नाही. त्यांनी टोपीवरचा हात काढून मांडीवर घेतला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. त्या दिवशी टोपी त्यांनीच काढली होती.

"कोणत्या काचा धुतल्या तुनं?" त्यांनी विचारलं.

"ताईची. आईची."

"गजेंद्र, हिच्याजवळून किल्ली घे."

मोठेबाबा जागचे हलले नाहीत. ते ललिताबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

"पहिले तुमी सांगा, आबाजी," प्रणाली म्हणाली. "लुगड्याची चिंधी कोणाची?"

आबाजी बोलले ते इतकं हळू की तिला वाकावं लागलं.

"मनकर्णामायची. माह्या बापाची पहिली बायको. बाबुजी एका देशमुखाचा फोटो काढत होते... माय दारातून त्या देशमुखाले एक गोष्ट सांगाले लागली. बाबुजीची. अर्धीच सांगतली. बाबुजीनं तिले खुर्चीत बसवलं, शिकंजा कसला, टोपी काढली. म्हणे, म्या सांगतो तोवर बोलायचं नाही." ते थांबले. "अन् दुकानाले कुलूप लावून नागपूरले गेले. कागद आणाले. दुसऱ्या दिवशी आले, तवा बाई तशीच बसून होती. डोये उघडे. म्या लहानपणी पायलं तिले. वरच्याच खोलीत राहे. मरेपर्यंत बोल्ली नाही. त्याच्यानंतर धंदा वाढला. घर शांत झालं. मंग सगळ्यायले बसवाले लागले."

"अन् तुमी हे सगळं माहीत असून मोजत बसले."

"घर चालवा लागते, पोरी."

"पुतळ्याखाली लिहा हे."

आबाजींनी मान हलवली. नकार होता की विनवणी, सांगता येत नव्हतं. "प्राजक्ता बोल्ली, ठीक. तुही माय बोल्ली, ठीक. हे जिवंत हायेत, यायले तोंडं हायेत. बाकीच्या मेल्या, प्रणाली. त्यायच्या काचा धुशीन... तर त्या कुठून बोलतीन?"

प्रणालीच्या मुठीत किल्लीचे दात रुतत होते. तिला दार उघडून ती काच पुसून टाकता आली असती, अजूनही वेळ होता. तिनं आईकडे पाहिलं. आईनं खुर्चीमागचा शिकंजा दोन्ही हातांनी धरला होता आणि ती तो दांडा सगळा जोर लावून जमिनीतून उपटत होती.

"मनकर्णामायची काच औषधात घालून आली मी," प्रणाली म्हणाली. "मी बसत नाही. आज नाही, उद्या नाही. आमच्यापैकी कोणीच बसत नाही. काय सांगायचं राह्यलं होतं तिचं, थे ऐका आता."

मोठेबाबांनी तोंड उघडलं. 'तुले काय कळते' हे तीन शब्द त्यांच्या ओठांवर आलेले दिसले, आणि परत गेले. आबाजींनी डोळे मिटून घेतले. दोघंही गप्प झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या घरात पुरुष गप्प बसले होते, आणि त्या शांततेत खाली ताईचं हसणंही थांबलं.

कुलूप लावलेल्या अंधाऱ्या खोलीत, दाराच्या अगदी पलीकडे, कुणीतरी घसा साफ केला.